राणीसाहेबांच्या चित्रापुढची जागा

आमच्या घरात अक्काच्या उजव्या बाजूनं चालायची पद्धत होती. ती कुणी कुणाला शिकवली नव्हती. रस्त्यानं जाताना अक्का डावीकडं, भिंतीच्या कडेनं, आणि आम्ही सगळे तिच्या उजवीकडं. एसटीत तिला डाव्या बाजूची खिडकी. लग्नाच्या पंगतीत अगदी कडेचं पान, म्हणजे डाव्या हाताला खांब नाहीतर भिंत येईल असं. पाहुणे आले की अव्वा, म्हणजे आमची आई, सतरंजी अशा बेतानं टाकायची, की अक्काला बरोबर तशी जागा मिळावी. यावर घरात कधी चकार शब्द निघाला नाही. मी लहान असताना मला वाटायचं, मोठ्या बहिणी अशाच असतात, भिंतीकडच्या.

अक्का चार वर्षांची असताना एका सणाला हुग्गीचं उकळतं पातेलं तिच्या अंगावर आलं होतं. डाव्या कानाखालून गाल, मान, थेट गळ्यापर्यंत कातडी भाजली. जीव वाचला, खूण राहिली. हुग्गी म्हणजे आमची गव्हाची खीर. लिंगायतांच्या घरात तिच्याशिवाय सण होत नाही. पण आमच्या अव्वानं त्यानंतर ती कधी चुलीवर चढवली नाही. सणाला आमच्याकडं शेवया. शेजारच्या घरातून गुळाचा आणि वेलदोड्याचा वास यायचा तेव्हा अव्वा उगाचच भांडी घासायला घ्यायची.

सत्तरच्या दशकातली, मी मॅट्रिकच्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. अक्का सव्वीस वर्षांची झाली होती आणि सोलापुरात प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवत होती. वर्गात मात्र ती भिंत विसरायची. मी एकदा तिचा डबा द्यायला गेले होते, तेव्हा ती फळ्यापुढं पोरांकडं तोंड करून उभी होती, सगळा उजेड तिच्या डाव्या गालावर, आणि कोंबडा कसा आरवतो ते स्वतः आरवून दाखवत होती. चाळीस पोरं खिदळत होती. मी दाराशी थांबूनच राहिले. माझी बहीण इतकी मोकळी हसते हे मला माहीतच नव्हतं.

घरात तिला बघायला येणाऱ्यांची मात्र रांग लागून संपली होती. ते यायचे, पोहे खायचे, तिला चार अक्षरं लिहायला लावायचे, आणि जाताना दारातच गप्प व्हायचे. शेवटच्या खेपेला मुलाच्या आईनं हात पुढं करून अक्काचा पदर मानेवरून बाजूला केला आणि बोटानं ती कातडी चाचपून बघितली, अप्पांच्या दुकानात गिऱ्हाईक सुताची लडी चाचपतं तशी. अक्का उठली. चहाचे कप तिनं शांतपणे ट्रेमध्ये भरले आणि आत जाऊन म्हणाली, "आता मला कुणापुढं बसवलंत, तर मी शाळेतच राहायला जाईन." अक्का बोलली म्हणजे बोलली. अप्पांनी परत तो विषय काढायचीसुद्धा हिंमत केली नाही.

मग मामानं डोकं लढवलं. आमच्यात परस्पर मुलगी दाखवायची एक रीत होती. मुलीला सांगायचं नाही. तिला सोमवारी देवळात न्यायचं, मुलाकडची माणसं आधीच खांबाआड थांबलेली असायची, लांबूनच बघून घ्यायची. नकार आला तरी मुलीच्या कानावर जात नाही, तिचं मन दुखत नाही. रीत वाईट नव्हती. पण देवळाची युक्ती अक्कावर एकदा वापरून झाली होती आणि तिनं ती पायऱ्यांवरच ओळखली होती. म्हणून यावेळी मामा म्हणाला, राजवाडा.

आमच्या दक्षिणेला, कन्नड मुलखाच्या हद्दीलगत, एका जुन्या संस्थानाचं गाव होतं. तनखे बंद झाल्यावर तिथल्या राजघराण्यानं वाड्याचा पुढचा भाग लोकांना बघायला खुला केला होता. दरबारात चित्रं लावली होती, तिकीट ठेवलं होतं. स्थळ श्रीपूरच्या बाजूचं. मुलगा साखर कारखान्यात काट्यावर, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन करायच्या कामाला. त्याचे आईवडील त्या संस्थानाजवळच्याच एका खेड्यातले. तेही सहज चित्रं बघायला येणार, आपणही सहज जाणार.

अप्पांनी तर त्यावर कडी केली. ते आदल्या आठवड्यात एकटेच जाऊन सगळा राजवाडा बघून आले. आल्यावर अव्वाला स्वयंपाकघरात कन्नडमधून सांगत होते. गुपित असलं की कन्नडमध्ये बोलायची अप्पांना सवय होती; घरातल्या सगळ्यांनाच कन्नड येतं हे ते दर वेळी विसरायचे. अक्का शाळेत होती म्हणून बरं. मी पाट्यावर शेंगाची चटणी वाटता वाटता ऐकत होते. दरबारात एका कोपऱ्यात राणीसाहेबांचं मोठं चित्र आहे, अप्पा सांगत होते, त्याच्यापुढं उभं राहिलं की डाव्या हाताला भिंत येते, अगदी लागून. बघणारा उजवीकडं खांबाजवळ उभा राहिला तर त्याला दुसरी बाजू दिसतच नाही. अप्पांच्या आवाजात इतका आनंद मी दिवाळीच्या धंद्यातही ऐकला नव्हता. अव्वा फक्त म्हणाली, "आणि लग्न झाल्यावर?" अप्पा परत भिंत किती जवळ आहे ते सांगायला लागले. मुलाकडच्यांना आणायचं मामाकडं होतं; माझ्याकडं काम एवढंच आलं, की अक्काला त्या चित्रापुढं घेऊन जायचं.

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. अव्वानं कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, दही असं बांधून घेतलं होतं. अक्काला तिनं आग्रह करून नवं हिरवं इरकल नेसायला लावलं. "राजवाड्यात जायचंय, जरा नीट दिसू दे की," असं म्हणून. अक्कानं माझ्याकडं एकदा बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. तशी मी खोटं बोलण्यात कच्चीच.

वाड्याच्या दारात चपला काढायच्या होत्या. अव्वानं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. शिपाई म्हणाला, "आत देव नाही, बाई." "असू दे की," अव्वा म्हणाली आणि डबे घेऊन तिथंच कट्ट्यावर बसली. तिला काही बघायचं नव्हतं. तिचा जीव आत काय होतंय यातच अडकला होता.

अप्पा घाईत होते. मुलाकडची माणसं आली का ते बघायला त्यांना फाटकाकडं जायचं होतं. जाता जाता म्हणाले, "पहिलं ते कोपऱ्यातलं राणीसाहेबांचं चित्र बघा. तिथंच थांबा, मी आलोच." अप्पांचं इथंच चुकलं. अक्काला पहिलं हे कर असं सांगितलं की ती ते सगळ्यात शेवटी करायची, हे पोटच्या पोरीबद्दल सव्वीस वर्षांत त्यांना कळायला हवं होतं. दरबाराच्या दाराशेजारी एक अरुंद जिना होता. "हा कुठं जातो?" तिनं शिपायाला विचारलं. तो म्हणाला, वर राणीवशाचा सज्जा आहे, पूर्वी दरबार भरला की बायका तिथं बसून बघायच्या. मी तिचा हात धरला, म्हणाले, अगोदर खालची चित्रं बघू. ती तोवर चार पायऱ्या चढलीसुद्धा होती.

वर लांबट सज्जा होता आणि पुढं उंच लाकडी जाळी. जाळीला डोळा लावला की खालचा सगळा दरबार दिसायचा. खालून मात्र वरचं काही दिसत नव्हतं. अक्काला ती जागा फार आवडली. जमिनीवर फतकल मारून बसली आणि मलाही ओढून बसवलं. दरबार मोकळा होता, त्यामुळं खालचं बोलणं घुमून वर स्पष्ट यायचं.

खाली एक म्हातारा आणि त्याचा तिशीतला मुलगा चित्रं बघत येत होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यात मोतीबिंदू असावा, कारण तो एका हातानं काठी आणि दुसऱ्या हातानं मुलाचं मनगट धरून चालला होता. मुलगा एकेका चित्रापुढं थांबून त्याला सांगत होता.

"हितं एक पांढरा घोडा हाय, दादा. वर महाराज बसल्यात. घोड्याचा एक पाय वर हाय."

"कंचा पाय?"

"पुढला. उजवा."

"आन महाराजांचं तोंड कसं हाय?"

मुलानं बराच वेळ बघितलं. "भूक लागल्यावानी हाय," तो म्हणाला.

अक्का तोंडावर पदर धरून हसली. "खरं सांगतोय," ती माझ्या कानात म्हणाली, "बघ त्या महाराजांकडं." पुढच्या चित्रापाशी मुलगा म्हणाला, "ह्यात काय हाय ते मला बी नीट कळंना. अंधार हाय आन मधी एक दिवा." म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ दे मग, फुडं चल." अक्का ऐकत राहिली. मला मात्र तेवढ्यात दारातून मामा आत येताना दिसला आणि तो थेट त्या दोघांपाशी गेला. मागून एक ठेंगणी बाई आली, मुलाची आई, आणि तिच्यामागून अप्पा.

मामानं हळू बोलायचा प्रयत्न केला, पण दरबारानं त्याचं काही चालू दिलं नाही. "पोरी येतीलच आता. ती त्या चित्राम्होरं उभी राहील. तुमी हितं खांबाजवळ थांबा, म्हंजे नीट दिसंल."

अक्काचं हसू गेलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, विचारलंही नाही. जाळीवरची तिची बोटं तेवढी घट्ट झाली.

खाली अप्पांनी मुलाच्या आईला दोन पावलं उजवीकडं सरकायला सांगितलं. मग ते स्वतः राणीसाहेबांच्या चित्रापुढं जाऊन उभे राहिले. धोतर, काळी टोपी, काखेत छत्री. तिथं उभं राहून त्यांनी मान थोडी वर केली, डाव्या हातानं भिंत चाचपली, ती किती जवळ आहे ते बघितलं, अर्धं पाऊल आणखी भिंतीकडं सरकले, आणि तिरक्या नजरेनं खांबाकडं बघून घेतलं, की आता गाल दिसतोय का. स्वतःचा गाल. त्यांचा चांगला धडधाकट, दाढी केलेला गाल.

"अप्पा माझ्या जागेवर उभे आहेत," अक्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं ती आता चिडेल, जिना उतरून सरळ एसटी स्टँडकडं जाईल. मी मनातल्या मनात अव्वाला काय सांगायचं ते जुळवायलाही लागले होते. पण ती तशीच बसून राहिली, अप्पांकडं बघत. आयुष्यभर आपल्याला बघायला येणाऱ्या माणसांना ती पहिल्यांदाच वरून, निवांत बघत होती.

म्हातारा मुलाला म्हणाला, "पोरगी आली म्हंजे मला बी सांग, कशी हाय ती."

"घोड्याचं सांगितलं तसं तिचं कसं सांगू, दादा?" तो म्हणाला. "तुमीच बोला तिच्यासंगं."

अक्कानं डोळे पुसले, इरकलाच्या निऱ्या झटकल्या आणि उठली. जिना उतरताना ती पुढं, मी मागं. दरबारात शिरल्यावर सवयीनं मी तिच्या उजवीकडं गेले. अप्पांनी आम्हांला बघितलं आणि चटकन ती जागा मोकळी करून दिली. अक्का तिथं गेलीही. फक्त चित्राकडं तोंड करून उभी राहिली नाही. चित्राला पाठ लावून, सगळ्यांकडं तोंड करून उभी राहिली, फळ्यापुढं राहते तशी. भिंत आता तिच्या उजव्या हाताला आली. समोरच्या उंच खिडकीतला उजेड सरळ तिच्या डाव्या गालावर पडला. अप्पांची छत्री काखेतून खाली पडली.

"काका, हे चित्र मी सांगू का तुम्हांला?" तिनं म्हाताऱ्याला विचारलं.

"सांग की, बाळ."

"राणीसाहेब खुर्चीवर बसल्यात. जांभळा शालू, नाकात नथ. तोंड करारी आहे, पण चित्र काढून घ्यायचा कंटाळा आलेला दिसतोय. मांडीवर पुस्तक आहे, आणि ते त्यांनी उलटं धरलंय."

मुलगा पुढं झाला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "खरंच की, उलटंच हाय." त्याची आई पुस्तकाकडं बघत नव्हती. ती अक्काच्या मानेकडं बघत होती.

"झकास," म्हातारा म्हणाला. "आन तू कोण गं?"

"ज्या मुलीला बघायला तुम्ही आलाय, ती मी." आणि मग त्याच आवाजात, न थांबता, तिनं पुढचं चित्र सांगितलं. "रंग सावळा. उंची बेताची. केस चांगले लांब. डाव्या कानापासून गळ्यापर्यंत भाजल्याची खूण आहे, माझा तळहात उघडून ठेवला तर झाकेल एवढी. कातडी आखडलीय. हसले की ओठ त्या बाजूला ओढला जातो."

मामानं रुमाल काढून घाम पुसला. म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं, "दुखतंय का गं अजून?"

मी तिचं तोंड बघत होते म्हणून सांगते, उत्तर देता येत नाही अशी अक्का मी तोवर बघितली नव्हती. बघायला आलेल्यांनी तिला कसं झालं, कधी झालं, डॉक्टर काय म्हणाले, पोरांना होईल का, सगळं विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. घरात आम्हीसुद्धा विचारलं नव्हतं, अव्वानंही नाही, आणि आमचं तर तिच्यावर अतोनात प्रेम होतं.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "थंडीत जरा ताणतं."

"तेल लावत जा," म्हातारा म्हणाला. "कोमट करून."

नंतर कट्ट्यावर दोन्हीकडचे डबे एकत्र सोडले गेले. मुलगा वडिलांच्या भाकरीचे तुकडे करून दह्यात भिजवून देत होता आणि अक्का ते बघत होती. चोरून नाही, चांगलं बघत होती.

परतीच्या एसटीत आम्ही सवयीनं तिला डावी खिडकी ठेवली. ती उजवीकडच्या बाकावर जाऊन बसली, खिडकीशी, म्हणजे गाल आमच्याकडं आला. अप्पा तिच्याशेजारी बसले. बराच वेळ त्यांनी छत्रीशी चाळा केला. मग म्हणाले, "पोरी, मी आपलं तुझ्या चांगल्यासाठी..."

"राणीसाहेबांपुढं छान दिसत होता तुम्ही," अक्का म्हणाली. "वरनं बघितलं मी." अप्पांनी मान खाली घातली. तिनं त्यांच्या हातातली छत्री काढून घेतली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. डोकं टेकताना तिचा डावा गाल अप्पांच्या सदऱ्याला लागला. अप्पा सोलापूर येईपर्यंत हलले नाहीत.

आठवडाभरात मामा निरोप घेऊन आला. मुलाकडून होकार होता. अव्वानं देवापुढं साखर ठेवली. अक्का म्हणाली, "त्यांच्या वडिलांचं डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे. मग त्यांना परत विचारा."

घरात आकांत झाला. चालून आलेलं स्थळ कुणी असं अडवून ठेवतं का, मामा तर पाय आपटून गेला. पण अक्काचं म्हणणं साधं होतं. मुलानं बघितलंय, आईनं बघितलंय. ज्यांनी दुखतं का विचारलं, त्यांनी फक्त ऐकलंय. मी सांगितलं ते खरं होतं की झाकून सांगितलं होतं, हे त्यांना कळल्याशिवाय मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. मुलगा स्वतः बोलून बसला होता, तुमीच बोला तिच्यासंगं, म्हणून. तोही थांबायला तयार झाला. ऑपरेशन उन्हाळा सरल्यावर झालं. तोवर अव्वा रोज एकदा तरी म्हणायची, की गेलं हे स्थळ.

गेलं नाही. पावसाळा संपता संपता एका सकाळी म्हातारा मुलाला घेऊन आमच्या दारात उभा राहिला. डोळ्यांवर जाडजूड भिंगाचा चष्मा, हातात काठी, पण मुलाचं मनगट सोडलेलं. अव्वाची तारांबळ उडाली. जेवायला काय करू, ती अक्काला विचारत होती. "हुग्गी कर," अक्का म्हणाली. अव्वा नुसती बघत राहिली. मग डबा काढून गहू निवडायला बसली. भिजवणं, कांडणं, शिजवणं, सगळं होईस्तोवर दुपार कलली. चुलीपाशी अक्का आणि ती दोघी होत्या, पातेलं उतरवायला अक्कानंच हात लावला.

पानं वाढायच्या आधी म्हाताऱ्यानं अक्काला समोर बसायला सांगितलं. अव्वानं सवयीनं सतरंजी भिंतीकडं टाकली होती. अक्कानं ती ओढून दारातल्या उजेडात घेतली. म्हाताऱ्यानं चष्मा पंच्यानं पुसला, परत घातला आणि बघितलं. घाई केली नाही. कान, गाल, मान, गळा, जसं तिनं दरबारात सांगितलं होतं त्याच क्रमानं बघितलं.

"तू सांगितलंस तेवढंच हाय की," ते म्हणाले.

अक्का हसली. ओठ डावीकडं ओढला गेला.

"मी मनात लई मोठं धरलं व्हतं," म्हातारा म्हणाला. "निम्मं तोंड गेलं असंल, असं समजूनच व्हय म्हणलो व्हतो."